मेश्रामकाकांनी पास केलेली साइट

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत कुणाला काही विकत घ्यायचं असलं, की तो आधी धर्मराज मेश्रामांना फोन करतो आणि मग बायकोला सांगतो. गादी असो, सेकंड हँड गाडी असो, नाहीतर आईवडील येणार म्हणून काढायचा हेल्थ इन्शुरन्स असो, मेश्रामकाकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या गोष्टीला घरात मान नाही. मंडळी त्यांची पाठीमागे भरपूर चेष्टा करतात, पण चेष्टा करणाऱ्यांच्याही घरात त्यांनीच निवडलेला वॉटर हीटर असतो.

काकांची पद्धत अशी, की ते कुठलीही वस्तू आधी घेतात आणि लगेच परत करायला जातात. वस्तू खराब असते म्हणून नव्हे. दुकानदार ती परत घेताना तोंड कसं करतो, ते त्यांना बघायचं असतं. तोंड नीट राहिलं, तर काका तिथल्या तिथे तीच वस्तू पुन्हा विकत घेतात. ‘देताना सगळेच गोड असतात,’ असं त्यांचं म्हणणं. दुकानांच्या परतीच्या काउंटरवरच्या बायका त्यांना नावानिशी ओळखतात आणि मीराकाकूंच्या गुडघ्याची चौकशी करतात. मीराकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, सांगतात की त्यांचा मायक्रोवेव्ह पहिले काही आठवडे माहेरवाशिणीसारखा ये-जा करत होता.

काकांचा पेशाच तसा आहे. गाड्यांच्या कंपनीला सुटे भाग पुरवणारे कारखाने तपासायचे, हे त्यांचं काम. ओहायोपासून इंडियानापर्यंत ते गाडी हाकत जातात आणि कुणी सीटची पट्टी बनवतो, कुणी ब्रेकची नळी, त्याच्या दारात जाऊन उभे राहतात. तिथले मॅनेजर त्यांना चकचकीत मशिनं दाखवायला नेतात. काका मशिनांकडे बघतसुद्धा नाहीत. अशा कारखान्यांत लाइनवरच्या कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. काही चुकतंय असं दिसलं की त्याने ती ओढायची आणि सगळी लाइन थांबवायची. काका सगळ्यात नवीन दिसणारा कामगार गाठतात आणि त्याला विचारतात, की तू ही दोरी शेवटची कधी ओढलीस आणि ओढल्यावर तुला कोण काय बोललं. ‘कधी गरजच पडली नाही’ असं उत्तर आलं, की मॅनेजरचा चेहरा खुलतो आणि काकांचा पडतो.

मूळचे ते नागपूरचे. वडील एस.टी.च्या डेपोत ब्रेक तपासायचे. सहीखेरीज बस फाटकाबाहेर जाऊ देत नसत, त्यामुळे डेपोत त्यांना मित्र कमी आणि प्रवाशांत शत्रू जास्त. त्यांनी मुलाचं नाव धर्मराज ठेवलं ते धम्माचा राजा म्हणून. पण या नावाच्या माणसाने पूर्वी फासे हातात घेतल्यावर काय झालं होतं, हे प्रत्येक मराठी माणसाला पाठ असल्यामुळे पत्त्यांच्या अड्ड्यावर काकांची थट्टा झाल्याशिवाय राहत नाही. काका हसतात. पत्ते मात्र वाटतसुद्धा नाहीत.

अशा माणसाकडे निमिष पाटणकर जुगाराची साइट निवडून मागायला गेला.

निमिष पुण्याचा. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर लिहिणारा, हुशार, थोडा एकलकोंडा. नवीन आला तेव्हा जमिनीवर झोपत होता. काकांनी त्याला गादी घेऊन दिली, म्हणजे रीतीप्रमाणे आधी घ्यायला लावली, मग परत करायला लावली. त्या भानगडीत दोघांनी मिळून ती गादी गाडीच्या टपावर बांधून हायवेवरून आणली होती. तेव्हापासून शनिवारी मेश्रामांकडे जेवायला जायचं, हा त्याचा रिवाजच झाला. पुढे त्याचं लग्न झालं, अनिका व्हिसाच्या तारखेची वाट बघत पुण्यात राहिली, आणि त्या रिकाम्या घरात त्याला बेटिंगचा नाद लागला.

सुरुवात झाली ती सगळ्यांची होते तशी, गमतीत. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी अमितभाऊ नावाच्या माणसाचा नंबर टाकला. या धंद्यात आपण होऊन साइटवर खातं उघडायचं नसतं. मधला माणूस व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ देतो, पैसे त्याच्याकडे भरायचे आणि जिंकले तर त्याच्याकडेच मागायचे. ऑफिसात साधा पासवर्ड बदलायचा तरी दहा शंका काढणारा निमिष इथे एकही शंका न काढता आत शिरला, कारण अमितभाऊ मराठी बोलत होता. परक्या मुलखात फोनवर ‘साहेब, घरचाच माणूस समजा’ असं कानावर पडलं, की आपल्या लोकांचं सगळं शिक्षण लोण्यासारखं वितळतं. अमितभाऊ अनिकाच्या व्हिसाचीसुद्धा चौकशी करायचा. फक्त जिंकलेले पैसे मागितले, की म्हणायचा, ‘आधी अजून थोडे भरा साहेब, म्हणजे तुमची फाइल मोकळी होते.’ निमिष भरत गेला. अनिका आल्यावर मोठं घर घ्यायचं म्हणून बाजूला ठेवलेलं होतं, तेही त्यातच गेलं. अनिका रोज फोनवर विचारायची, घरं बघतोयस ना. तो म्हणायचा, बघतोय.

आणि यातून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की दोष साइटचा आहे. एखादी नीट, कायदेशीर, विश्वासाची साइट मिळाली, तर गेलेलं सगळं भरून काढून, अनिका यायच्या आत हा विषय कायमचा बंद करता येईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. निमिषला ती काडी ऑनलाइन हवी होती आणि वर तिला लायसन्सही हवं होतं.

एप्रिलमध्ये शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जयंतीचा कार्यक्रम असतो. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या रचता रचता निमिषने काकांना गाठलं. पण समोर हार घातलेला बाबासाहेबांचा फोटो. त्याच्यादेखत जुगाराचं नाव तोंडातून फुटेना. शेवटी त्याने काकांना पार्किंग लॉटमध्ये नेलं. कडेला मळक्या बर्फाचे ढीग अजून वितळले नव्हते. काकू गाडीत बसून दोघांकडे बघत होत्या. निमिषने सांगितलं, की संडे क्रिकेटच्या ग्रुपला आयपीएलवर थोडी मजा करायचीय, मिशिगनमध्ये लीगल आहे, फक्त साइट भरवशाची पाहिजे, तुम्ही एकदा बघाल का.

त्याला वाटलं, आता पंचशीलापासून सुरुवात होणार. काकांनी त्याला एकदा नीट न्याहाळलं.

‘मी खेळत नाही,’ ते म्हणाले. ‘पण व्हेंडर तपासता येतो. शनिवारी ये. जेवायलाच ये.’

शनिवारी पाटोडी रस्सा होता. जेवण झाल्यावर काकांनी टेबल पुसलं, चष्मा बदलला आणि कामाला सुरुवात केली. निमिषने इंटरनेटवरून ‘टॉप टेन’ वगैरे काढून आणलं होतं. ते काकांनी न वाचताच बाजूला ठेवलं. असली कौतुकं लिहिणाऱ्याला प्रत्येक गिऱ्हाइकामागे कमिशन मिळतं. लग्न जुळवणाऱ्याला कुठलंच स्थळ वाईट दिसत नाही. साइटच्या तळाशी छापलेल्या लायसन्सच्या शिक्क्यालाही त्यांच्या लेखी किंमत नव्हती. शिक्का कोणीही छापतो. ज्याने तो दिलाय म्हणतात, त्याच्याच दारात जाऊन विचारायचं. म्हणून त्यांनी राज्याच्या नियंत्रण मंडळाचं पान उघडलं आणि तिथे ज्यांची नावं होती तेवढीच पुढच्या तपासणीसाठी ठेवली.

निमिषने हळूच अमितभाऊची साइटही मध्ये सरकवली होती. ग्रुपमधल्या एकाने सुचवलीय, म्हणाला. काकांनी पाहिलं. राज्याच्या पानावर नाव नाही. पत्ता कुठल्याशा बेटाचा. बोलायचं तर फक्त व्हॉट्सॲपवर. काकांनी त्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि पुढच्याकडे वळले, भाजीतला किडका वाटाणा उचलून टाकावा इतक्या सहज. निमिषची नजर मात्र त्या नावावरच राहिली. त्या रेघेखाली त्याचं वर्ष गेलं होतं.

मग काकांनी आपल्या नावाने खाती उघडली. थोडे पैसे भरायचे, काहीही न खेळता परत मागायचे, आणि येतात का ते बघायचं. एकीने निमूट परत केले. एकीने भरल्या भरल्या बोनस दिला. काकांनी त्या बोनसच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या आणि त्यांना दिसलं, की तो पैसा कितीतरी वेळा खेळवल्याशिवाय बाहेर निघतच नाही. ते खूश झाले. ‘पाहा, इथं लपवून राहिले,’ म्हणाले. मीराकाकू म्हणाल्या, लोक दिवाळी अंक वाचतात ना, तसे हे अटी वाचतात. कस्टमर केअरला तर काकांनी इतके बारीक प्रश्न विचारले, की पलीकडच्या मुलीने शेवटी त्यांना नोकरी हवी आहे का असं विचारलं.

पुढच्या शनिवारपर्यंत गाळून गाळून एकच साइट उरली. पैसे वेळेवर परत, अटी सरळ, उत्तर द्यायला खरा माणूस. निमिषला एवढा आनंद झाला, की जणू त्याची परीक्षाच पास झाली. काकांनी आदल्या दिवशी फोनवर नाव सांगताच, त्यांना न कळवता, त्याने तिथे खातं उघडलं होतं, आलेला पगार भरून ठेवला होता. भारतातली संध्याकाळची मॅच म्हणजे इथली सकाळ. हॉलमधल्या टीव्हीवर टॉस होऊन गेला होता, आवाज बंद होता, आणि त्याचा एक डोळा तिकडे होता.

‘एक टेस्ट राहिली,’ काका म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक लायसन्सवाल्या साइटवर थांबायची सोय असते. काही दिवस नाहीतर महिनाभर मला आत घेऊ नका, असं आपणच सांगायचं; मग ती मुदत संपेपर्यंत काही केलं तरी आत जाता येत नाही. ही सोय सापडायला सोपी आहे का आणि दाबल्यावर खरंच बंद होतं का, हे काकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी स्वतःचं खातं बंद करून पाहिलं होतं, झालं होतं.

‘पण माझ्या टेस्टला काही अर्थ नाही,’ काका म्हणाले. ‘पोट भरलेल्या माणसानं मेसचं जेवण तपासू नये. ज्याला खेळायचं आहे, त्यानं थांबवून पाहिलं पाहिजे. तुझं खातं असेलच. महिनाभराचं बटण दाब, बघू काय होते.’

निमिषने फोन काढला. पान लगेच सापडलं. ‘एक महिना’ असं लिहिलेलं होतं आणि खाली हिरवा चौकोन. त्याने अंगठा त्यावर नेला. टीव्हीवर पहिला बोलर रनअप मोजत होता.

‘मॅच झाली की करतो, काका.’

‘प्लांटमध्येही हेच सांगतात,’ काका म्हणाले. ‘शिफ्ट झाली की ओढतो.’

आवाजात टोमणा नव्हता. निमिषने पुन्हा अंगठा नेला. अगदी साधी गोष्ट होती. दिवसाकाठी तो स्क्रीनवर हजार वेळा बोट टेकवत असेल. पण अंगठा खाली जाईना. तो स्वतःच्या अंगठ्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला, आणि त्याला भीती वाटली. पैसे गेले तेव्हा वाटली नव्हती, अनिकाशी खोटं बोलताना वाटली नव्हती, अशी खरीखुरी भीती. ओट्यापाशी काकूंच्या पळीचा आवाज थांबला.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, ‘साइट चांगली आहे, निमिष. बटण जागेवर आहे. दाबलं जात नाही, तो काही साइटचा दोष नाही.’

‘ग्रुप वगैरे काही नाहीये, काका,’ निमिष म्हणाला. ‘मीच आहे.’

मग त्याने सगळं सांगितलं. अमितभाऊ, आयडी, मोकळी न होणारी फाइल, घराचे पैसे, आणि रोज संध्याकाळी अनिकाला सांगितलेलं ‘बघतोय’. सांगता सांगता मध्येच त्याची नजर टीव्हीवर जात होती, आणि ते त्याचं त्यालाच कळत होतं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो थांबला. काकूंनी हात पुसत येऊन टीव्ही बंद केला.

‘अनिकाला माहीत आहे?’ त्यांनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. असलं बोलणं उपाशी पोटी करू नये, म्हणाल्या, आधी दोन घास खा. तो खायला लागला आणि ताटातच रडला. दोघांपैकी कुणी त्याला ‘रडू नकोस’ म्हटलं नाही, की ‘एवढा शिकलेला तू’ असंही म्हटलं नाही. काकूंनी फक्त वाटीत रस्सा वाढला. निमिषला आजही वाटतं, त्या टेबलाशी कुणी त्याला एक शब्द जरी लावला असता, तरी तो उठून गेला असता आणि गाडीत बसून पुन्हा खेळला असता. त्या दोघांचे उपकार तो सांगायला लागला, की इथूनच सुरुवात करतो.

जरा शांत झाल्यावर त्याने काकांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं. काका म्हणाले, पार्किंग लॉटमध्येच. संडेच्या मॅचचा स्कोअर ते स्वतः लिहीत, आणि निमिष गेल्या सीझनपासून मैदानावर फिरकला नव्हता.

‘मग एवढ्या साइट तपासल्यात कशाला?’

‘तू विचारलं होतंस ना,’ काका म्हणाले. ‘आणि मी तिथंच नाही म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या कोणाला विचारायला गेला असतास. त्यानं तपासली नसती.’

त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी राज्याच्या पानावर आधीच वाचून ठेवली होती. एका साइटचं बटण दाबलं तर ती एक साइट बंद होते. पण राज्याच्या यादीत आपण होऊन नाव घातलं, तर लायसन्स असलेल्या सगळ्यांनाच आपल्याला दारातून परत पाठवावं लागतं, आणि तेही महिनाभर नव्हे, वर्षाच्या हिशोबाने. ‘तुझ्यासाठी चांगली साइट कोणती, सांगू?’ काका म्हणाले. ‘जी तुला आत घेणार नाही ती. तो अमितभाऊ तुला कधीच नाही म्हणणार नाही. तिथंच ओळखायचं.’

निमिषने नाव घातलं. अंगठा तेव्हाही अडत होता, पण आता खोलीत तीन माणसं होती. तो माहिती भरत असताना काका त्याच्या शेजारी बसले होते आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत होते, एटीएमवर पुढचा माणूस पिन टाकताना सभ्य माणसं बघतात तसे. साइटवर भरलेला पगार, त्यांनीच तपासल्याप्रमाणे, काही दिवसांत निमूट परत आला. अमितभाऊचा नंबर काकूंच्या समोर डिलीट केला. राज्याच्या हेल्पलाइनवर एक शांत आवाजाची बाई भेटली, तिच्याशी तो दर आठवड्याला बोलायला लागला. ती मराठी बोलत नव्हती, आणि त्याला तेच बरं वाटलं.

अनिकाला त्याने त्याच दिवशी, काकांच्या घरामागच्या डेकवर उभा राहून फोन केला. तिने सगळं ऐकलं आणि फोन ठेवला. पुढे बरेच दिवस ती बोललीच नाही. नेमकी त्याच सुमारास व्हिसाची तारीख आली, व्हिसा झाला, आणि तिचा एवढाच निरोप आला, की मी येते, पण सगळं ठीक झालं असं समजू नकोस, राहायचं की परत जायचं ते मी तिथे येऊन ठरवीन.

मे महिन्यात ती आली. घर तेच, लहान. ती कामापुरतं बोलायची. बॅग तिने कपाटात रिकामी केली नाही. लागेल तो कपडा बॅगेतून काढायची आणि धुऊन पुन्हा बॅगेत ठेवायची. मेश्रामांचं जेवायचं बोलावणं दोनदा आलं, दोन्ही वेळा तिने डोकं दुखतंय सांगितलं. आपल्या घरातली अब्रू ज्यांच्या टेबलावर गेली, त्यांच्याच टेबलाशी जाऊन कसं बसायचं, असं तिला वाटत होतं, आणि ते चूक होतं असंही म्हणता येत नाही. निमिष रोज सकाळी उठून आधी ती बॅग जागेवर आहे ना, ते बघायचा.

फायनलच्या दिवशी सकाळी अनिकाने त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं. इंडियन ग्रोसरीत काउंटरवर मॅचचीच चर्चा, कुणी कुणावर किती लावले याची. निमिष कोथिंबीर घेऊन गाडीत येऊन बसला. घरी पोचला, पार्किंगमध्ये गाडी लावली, आणि उतरला नाही. फक्त एकदा बघू, असं त्याच्या मनात आलं. घेतात का ते तरी बघू. त्याने काकांनी पास केलेली साइट उघडली, नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

आत घेतलं नाही. दोन सभ्य ओळी आल्या, की हे खातं तुम्हाला वापरता येणार नाही. आणि खाली मदतीचा एक नंबर. बस.

तो त्या ओळींकडे बघत राहिला. आधी कानशिलं तापली. मग मनात आलं, कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, तर अमितभाऊचा नंबर क्षणात परत मिळेल. फोन हातात धरून तो तसाच बसला. मग हळूहळू त्याच्या छातीवरचा भार उतरायला लागला. कुणीतरी आपल्याला नाही म्हटलं होतं, आणि ते नाही त्याच्या बाजूचं होतं. फोन खिशात टाकून तो वर गेला. कोथिंबीर ओट्यावर ठेवली.

‘अनिका, मी आत्ता खाली गाडीत ट्राय केलं.’

ती वळली. ‘मग?’

‘घेतलं नाही.’

‘मला का सांगितलंस? मला कळलंसुद्धा नसतं.’

‘म्हणूनच,’ निमिष म्हणाला.

अनिकाने गॅस बंद केला. हात धुतले, ओढणी नीट केली आणि म्हणाली, त्या काकांकडे मला घेऊन चल.

मेश्रामकाका गॅरेजमध्ये हिवाळ्याचे टायर धुऊन भिंतीला लावत होते. अनिकाने त्यांना ‘जय भीम काका’ म्हटलं. एरवी हे शब्द तिच्या तोंडी नव्हते. गाडीत निमिषला विचारून घेतले होते. काकांनी ओले हात जोडले. आभार मानायला आलेल्या माणसासमोर त्यांची नेहमीच फजिती होते, तशी आताही झाली आणि ते टायरकडे बघायला लागले. निमिषने जे घडलं ते सांगितलं. काकांना वाईट वाटेल, इतकं करून पोरगा पुन्हा तिकडेच गेला असं वाटेल, अशी त्याची खात्री होती.

पण काकांनी चष्मा सारखा केला आणि तपासणीच्या आवाजात विचारायला सुरुवात केली. नेमकं काय लिहून आलं? बोनस वगैरे देतो म्हटलं का? पुन्हा विचार करा म्हणून मागे लागले का? नंतर ई-मेल आला का? निमिषने त्या दोन ओळी सांगितल्या आणि बाकी सगळ्याला ‘नाही’ म्हटलं. काकांनी मान हलवली. चेहऱ्यावर खरंखुरं समाधान पसरलं.

‘चांगली साइट आहे,’ ते म्हणाले.

अनिकाला हसू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, पण ते आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. काका बावरले आणि त्यांनी आत मीराकाकूंना हाक मारली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, एका नजरेत सगळं ओळखून काही न विचारता परत आत गेल्या, आणि आतून ताटांचा आवाज आला.

डोळे पुसून अनिका म्हणाली, ‘काका, तुम्ही मला गाडी शिकवाल? इथे लायसन्स काढायचंय मला.’

काका म्हणाले, शिकवतो की, उद्यापासून ये. निमिषने चमकून अनिकाकडे बघितलं. मिशिगनमध्ये जो परत जाणार असतो तो कधी गाडी शिकत नाही, आणि हे अनिकाला चांगलंच ठाऊक होतं. त्याला काकांचे आभार मानायचे होते, पण आभारांपुढे त्यांची कशी फजिती होते ते त्याने आत्ताच पाहिलं होतं. तेव्हा त्याने खाली वाकून एक टायर उचलला आणि काकांच्या शेजारी उभा राहून तो धुवायला लागला.